रुजवात

“अजून एक वर्ष मागे बघा ना, काका,” बाई म्हणाली.

काकांनी सूचीची वही मिटली आणि पाठ सरळ केली. सकाळपासूनची ही नववी वही होती. रेकॉर्डच्या खोलीत पंखा होता, पण कागद उडतात म्हणून तो बंदच असे. जुने दस्त हुडकून द्यायचं काम कितीतरी वर्षं त्यांच्याच गळ्यात होतं, म्हणून नोंदणी कचेरीत सगळे त्यांना शोधकाका म्हणत. निवृत्तीला अकरा महिने राहिले होते.

बाई शिवणकाम करणारी. बाहीला अजून दोरा चिकटलेला होता. तिच्या आजोबांनी घराचे दोन भाग दोन मुलींना बक्षीस दिले होते, रस्त्याकडचा एकीला आणि मागचा दुसरीला. बाईची आई जन्मभर रस्त्याकडच्या भागात राहिली, तिथेच गेली. आता तिथे बाईचं दुकान होतं. परगावच्या मावशीने मात्र तो भाग आपला असल्याचा दावा लावला होता. गुरुवारी तारीख होती.

“मूळ कागद कुणाकडे आहे?” काकांनी विचारलं.

“वाळवीने खाल्ला म्हणतात. दुकान गेलं तर मी मशीन कुठे मांडू, काका? मागच्या खोलीत भरदुपारी दिवा लावावा लागतो. तिथवर कोण येणार ब्लाऊज शिवायला?”

काकांनी दहावी वही उघडली. नाव सापडलं, पान क्रमांक सापडला. मग त्यांनी फडताळातून दस्तांचा जाडजूड ग्रंथ ओढून काढला आणि त्या पानाशी थांबले.

“तुमची आई थोरली की धाकटी?”

“थोरली.”

“इथे रस्त्याकडचा भाग धाकटीला लिहिलाय. म्हणजे मावशीचं खरं.”

काकांना वाटलं, आता बाई रडणार. पण तिने मजकुराकडे पाहिलंही नाही. तिचं बोट पानाच्या तळाशी गेलं.

“या तीन सह्या कुणाच्या?”

“तेव्हा दस्त हाताने वहीत उतरवून घेत आणि मूळ कागद परत देत. एकाने नक्कल करायची, दुसऱ्याने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, तिसऱ्याने वहीत ताडून बघायचं. त्याला रुजवात म्हणतात. त्या तिघांच्या या सह्या.”

“तिसरी कुणाची?”

“माझी.”

“मग खरंच ताडून बघितलं होतंत?”

काकांनी चष्मा काढला. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. साहेबांनी नाही, तपासणीला येणाऱ्यांनी नाही. खरं तर तेव्हाचा कारभार म्हणजे आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. वाचणारा जिन्यात चहा पीत बसायचा, नक्कल करणारा जेवणानंतर पेंगायचा, आणि पाच वाजता काका सगळ्या पानांवर एका दमात सह्या ठोकायचे. सगळेच तसं करत. तरी ती गोष्ट त्यांना आतून खात आली होती.

“नाही,” ते म्हणाले.

“खोटं बोला असं मी म्हणत नाही, काका. घडलं तेवढंच कोर्टात सांगा.”

संध्याकाळी बायकोने चहाचा कप जरा आपटूनच ठेवला.

“अकरा महिने राहिलेत फक्त. चौकशी लागली म्हणजे? हे नसतं लचांड कुणी सांगितलंय?”

“पेंगणाऱ्या माणसाने थोरलीच्या जागी धाकटी लिहिली असेल, तर तिचं दुकान माझ्यामुळे जाईल.”

“आणि तुमची अब्रू?”

“ती सही केली तेव्हाच गेली.”

गुरुवारी काकांनी कोर्टात सांगितलं की रुजवातीची सही आपली आहे, पण रुजवात झालेली नाही. दोन्ही वकील त्यांच्याकडे बघत राहिले. काकांना मात्र बरं वाटत होतं.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. वहीचा भरवसा नाही, सबब इतकी वर्षं ज्यांचा ताबा त्यांचाच हक्क. बाईने कचेरीत येऊन काकांच्या पायांना हात लावला. त्याच आठवड्यात साहेबांनी चौकशीची नोटीस हातात दिली. काकांनी ती घडी घालून खिशात ठेवली. त्या आठवड्यात त्यांना शांत झोप लागली.

महिन्याभराने खिडकीशी एक म्हातारी आली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद.

“हा तुमच्या वहीशी जुळवून द्याल? मुलाच्या ट्रंकेत तळाशी निघाला. कोर्टाचं सगळं उरकून गेलं हो. माझ्याच्याने आता पुन्हा दारं झिजवणं होणार नाही. पण निदान मनाला तरी कळू दे.”

कागदावर कचेरीचा जुना शिक्का होता. काकांनी म्हातारीला आत बोलावून खुर्ची दिली. पान क्रमांक त्यांना सूचीत बघावा लागला नाही.

“वाचायला माणूस लागतो,” ते म्हणाले. “तुम्ही वाचा. सावकाश.”

म्हातारी अडखळत वाचू लागली. काका वहीतल्या एकेका शब्दाखाली बोट सरकवू लागले.

“रस्त्याकडचा भाग धाकट्या मुलीस,” म्हातारीने वाचलं आणि ती थांबली. “ती मी.”

“पुढे वाचा.”

तिने तारखेपर्यंत, साक्षीदारांच्या नावांपर्यंत सगळं वाचलं. काकांचं बोट स्वतःच्या सहीशी येऊन थांबलं. वहीत एका अक्षराचीही चूक नव्हती.