फुंकर

लहानपणी ओश शहरातल्या आमच्या घरी व्हिडिओ गेम अडकला, की आम्ही त्याचं कार्ट्रिज काढून आत फुंकर मारायचो. काल तोच खेळ मी जुने खेळ चालवणारा एम्युलेटर टाकून लॅपटॉपवर लावला, आणि ऐन शेवटच्या किल्ल्यापाशी तो अडकला.

"मार फुंकर!" माझी थोरली बहीण, माझी एजे, नुर्जामाल म्हणाली.

"एजे, यात कार्ट्रिज कुठंय? नुसती फाइल आहे."

"तू मार गं. मोठी शहाणी!"

मी पडद्यावर फुंकर मारली. खेळ सुरू झाला! आम्ही हसून हसून लोळलो; तिच्या प्याल्यातला चहा गालिच्यावर सांडला. पुन्हा अडकला तेव्हा तिने फुंकर मारली. पुन्हा चालू! आणि लहानपणी कधीच न जिंकलेला तो किल्ला आम्ही एकदाचा जिंकला.

पडद्यावर आमचे दोन चिमुकले शिपाई नाचू लागले. आम्ही दोघी आ वासून, श्वास रोखून, जागच्या जागी बघत राहिलो.

नाचता नाचता शिपाई थांबले. आमच्याकडे वळले. एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं. दुसऱ्याने गाल फुगवले.

आम्हा दोघींच्या कपाळावरचे केस भुर्रकन उडाले.