नलूचं आजोळ

डॉक्टरीणबाई नेमकी त्याच वेळी दारात आली. जमनाच्या ओटीवर सातपाटीची पाहुणी, नामदेवची आई, कपबशी हातात घेऊन बसली होती. नामदेवला जमनाची पोर नलू पसंत होती, नलूला नामदेव. आता फक्त त्याच्या आईनं हो म्हणायचं आणि साखर वाटायची, एवढंच राहिलं होतं.

बाईच्या खांद्याला बर्फाची पेटी होती. नामदेवच्या आईला वाटलं, मुंबईची कुणी पापलेटं न्यायला आली.

"ताजी हवीत तं बंदरावर जा, बाय," तिनं आपणहून सांगूनही टाकलं.

"मासे नकोत मला," डॉक्टरीणबाई हसली. "चिमीबाई इथंच राहतात ना? बोईसरच्या डॉक्टरांनी पत्ता दिला. त्यांची मुलगी त्यांना दाखवायला घेऊन गेली होती म्हणे."

जमना मनात चरफडली. त्या बोईसरच्या डॉक्टरला कुणी सांगितले होते हे उपद्व्याप!

चिमी अंगणात दोरीपाशी बसली होती. साठीही गाठली नव्हती तिनं, पण सकाळी काय खाल्लं ते तिला दुपारी आठवत नसे. गेल्या पावसाळ्यापासून ती पोटच्या जमनालाही नुसतं 'बाय' म्हणे, रस्त्यावरच्या कुणालाही म्हणावं तसं. हात तेवढे शहाणे राहिले होते. ढिगातले दोन बोंबील उचलायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, हे तिचं न बघता चाललेलं असे. तासाभरापूर्वी पाहुणीनं विचारलं होतं, "ही कोण?" आणि जमना पटकन बोलून गेली होती, "बोंबील लावायला येते. मजुरीवर." पोरीचं आजोळ विचारलं, तेव्हा म्हणाली, "दांडीला. पन आता कुणी नाय राहिलं तिथं." एकदा खोटं बोललं की पुढचं आपोआप सुचतं.

"तुम्ही त्यांच्या कोण?" डॉक्टरीणबाईनं विचारलं.

"मी? कुणी नाय. गावातली बाय हाय, कामाला येते."

"हिला झालंय तरी काय?" नामदेवच्या आईनं मान पुढं काढली.

"विसरायचा आजार आहे. म्हातारपणाचा नव्हे, त्याच्या आधीच येतो. काही घरांत आई, मग मुलगी, असा उतरतो. का उतरतो, ते आम्ही शोधतोय. म्हणून मुलांचं, भावंडांचं थोडं थोडं रक्त घेतो. घरात कुणी फार उदास असायचं का, तेही विचारतो."

जमनाला मावशी आठवली. भिंतीकडे तोंड करून बसायची, जेवायला हाक मारली तर रडायची. दाराआड नलू उभी होती, तिची बांगडी वाजली.

नामदेवच्या आईनं कपबशी खाली ठेवली. "अगं बाय! म्हंजी पोरीतसुद्धा येतं? बरं झालं, तुमची कुणी नाय ती. असल्या घरातली पोर कोण करील?"

"होय तं," जमना म्हणाली, आणि वर हसली. लाज वाटली नाही का, म्हणाल तर वाटली. हसता हसताच वाटली, कानांच्या पाळ्या तापल्या. पण तोंडावरचं हसू काही तिला आवरता आलं नाही.

डॉक्टरीणबाई मग अंगणात गेली आणि चिमीसमोर उकिडवी बसली.

"चिमीबाई, तुमची मुलगी कुठं असते?"

चिमीचे हात थांबले. तिचा चेहरा असा उजळला, की जमनाला तिथून पळून जावंसं वाटलं.

"जमना? बोईसरच्या बाजारात. माझ्या जाग्यावर बसते आता. मीच बसवलं तिला, सगळ्या बायांशी भांडून. पाटी संपली का येईल." मग पेटीकडे बोट दाखवून ती म्हणाली, "रगत हवं ना तुला? तिचं घे. किती पन घे. माझी जमना मला कधी नाय म्हणत नाय."

नामदेवच्या आईनं जमनाकडे पाहिलं, सावकाश, मासा ताजा का शिळा बघावा तसं.

"बोईसरच्या बाजारात तुमीच बसता ना?"

आतून नलूचा हुंदका आला. जमनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीचं लग्न मोडणार, ते तर दिसतच होतं. पण तिला पाहुणीची लाज वाटत नव्हती, डॉक्टरणीचीही नाही. जिला मजुरीवरची म्हातारी केलं, ती अजून आपल्या नावानं भरवसा देत बसली होती, हे तिला सोसवेना.

ती ओटीवरून उतरली, पाहुणीकडे न बघता. आईच्या पायाशी बसली आणि पोलक्याची बाही वर सारून तिनं हात डॉक्टरीणबाईपुढं धरला.

"घ्या. माझी आय हाय ती. आये, मीच जमना."

डॉक्टरीणबाईनं पेटी उघडली. चिमीनं जमनाचा चेहरा नीट पाहिला, बराच वेळ पाहिला. मग तिनं आपला खारट, ओला हात मधे घातला आणि जमनाचा दंड झाकला.

"हिचं नको घेऊ गं," ती डॉक्टरीणबाईला म्हणाली. "बिचारीला कशाला टोचतेस? ही आमची कुणी नाय. आता तिनंच सांगितलं."