पावण्याचं जेवण

दत्तप्रसाद बांद्याहून आला तो हातात रिकामा डबा घेऊनच. सत्यवती मावशीने चहा विचारायच्या आधी तो माजघरात शिरला आणि टेबलावरच्या पेटीसमोर वाकला.

"मावशे, ह्या पिल्लू आजय खाणा नाय तर मी घेवन जातलंय. चार आठवडे उपाशी म्हणजे चेष्टा नाय. बारक्या जीवात इतको दम नसता."

त्याचं खोटं कसं म्हणणार? साप धरण्यात आणि सांभाळण्यात त्या भाच्याचं निम्मं आयुष्य गेलेलं.

पेटी प्लास्टिकची, आरपार दिसणारी, बाजूंना बारीक भोकं. तळाला नारळाच्या सोडणाचा भुसा, एका कोपऱ्यात पाण्याची वाटी, दुसऱ्या कोपऱ्यात उपडी करवंटी, तिला दारापुरती खाच. खालून ऊब द्यायला विजेची चटई. आणि त्या खाचेतून डोकं काढून बसलेलं ओंकारचं कॉर्न स्नेकचं पिल्लू, हातभर लांब, करंगळीहून बारीक, केशरी अंगावर तांबडे डाग. विष नावालासुद्धा नाही. पुण्याच्या नव्या घरमालकाने सापाला उंबरठा ओलांडू दिला नाही, म्हणून लेक त्याला आईकडे ठेवून गेला. पहिले आठ दिवस सत्यवती माजघरात काठी घेऊन जायची. मग एका दुपारी तिने त्याला "पावणो" म्हणून हाक मारली आणि काठी कोपऱ्यात गेली ती गेलीच.

आता तो गेला तर घरात ओंकारचं म्हणावं असं काय उरणार होतं? पडवीतले जुने बूट. नको होता तिला तो जायला, अगदी नको होता.

"माका एक तास दी रे," ती म्हणाली.

फ्रीजरमध्ये मासळीपासून लांब, वेगळ्या डब्यात ओंकारने ठेवलेला खाऊ होता. उंदराची नुकती जन्मलेली पिल्लं, गुलाबी, अंगठ्याच्या पेराएवढी, गोठवलेली. तिने एक काढलं, पिशवीसकट कोमट पाण्यात ठेवलं, ऊब आल्यावर चिमट्यात धरलं आणि नेहमीसारखी सुरुवात केली.

"खा रे बाबा. इतक्याशानं काय होतला तुझा? एक घास. माझ्यासाठी."

आग्रह केल्याशिवाय या घरातून पाहुणा कधी जेवून उठला नव्हता. तिने चिमटा डावीकडे नेला, उजवीकडे नेला, पार त्याच्या नाकाशी नेला, आणि स्वतःचंही नाक काचेला लावावं तसं पेटीला लावलं. पावणो हळूच करवंटीत गेला.

दत्तप्रसाद दारात उभा राहून हसला. "डोळ्यांनी खातलंस त्येका, मावशे!"

सत्यवतीचा हात थांबला. मे महिन्यात ओंकार ताटावरून असंच बोलला होता. 'आये, तू अशी बघत रवतंस, माझो घास खाली उतरणा नाय.' दोन दिवस ती त्याच्याशी धड बोलली नव्हती. आणि फोनवर विचारायची काही थांबली नव्हती. जेवलंस? काय जेवलंस? इतक्याच? आता त्याचा फोन फक्त रविवारी यायचा, तोही दोन मिनिटांचा.

कौलांतल्या काचेतून उन्हाचा एक गोल जमिनीवर उतरला होता. मागच्या दारातून परड्यातला आंबा दिसत होता आणि आंब्याखालचा दगड. तो राखणदाराचा, जागा राखणाऱ्या दैवताचा. सणावाराला तिथे पानावर त्याची वाडी, म्हणजे नैवेद्य, ठेवायची, घरात शिजलेलं सगळं थोडं थोडं. लग्न होऊन आली त्या वर्षीच सासूने बजावलं होतं. ठेव, हात जोड, पाठ फिरव आणि पायरी चढेपर्यंत मागे वळू नको. बघलंस तर तो जेवचो नाय.

तीस वर्षांत ती एकदाही वळली नव्हती.

तिने फणसाचं पान पुसून आणलं. करवंटीच्या खाचेसमोर ते पान, पानावर तो घास. झाकण लावलं, वर ओंकारचा जुना पंचा घातला. हात आपोआप जोडले गेले. मग ती वळली आणि सरळ ओटीवर जाऊन बसली.

"मावशे, ह्या काय गो?"

"गप रव."

दुपार डोळे मिटून पडली होती. ओहोटीचा समुद्र लांब गेलेला, त्याचा आवाज तेवढा येत होता. सत्यवतीच्या पापण्या जड झाल्या. त्या गुंगीत तिला दिसलं, माजघरात पंगत बसलीये. सासरे आहेत, नवरा आहे, ओंकार अगदी लहान आहे, आणि सगळे तिच्याकडे पाठ करून जेवतायत. ती वाढत नव्हती, विचारत नव्हती. नुसता भुरक्यांचा आवाज ऐकत होती आणि तिला फार बरं वाटत होतं.

"मावशे! येवन बघ!"

"तूच सांग," ती जागची हलली नाही.

"पान रिकामा आसा! आणि मानेच्या खाली चिंचोक्याएवढो फुगलो आसा तो!"

तिने पदर डोळ्यांना लावला. दत्तप्रसादने आपला डबा रिकामाच मोटारसायकलला अडकवला.

तेवढ्यात रविवारचा फोन वाजला. ओंकार. 'जेवलंस?' अगदी ओठांवर आलं होतं.

"बोल रे झिला," ती म्हणाली, आणि पुढचं काही विचारलं नाही.

तिने फोन कानाशी घट्ट धरला. तिकडच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती.

"आये," ओंकार म्हणाला, "आज सोलकढी केली हुती. पोटभर जेवलंय गो."