सहा जणांचं एकमत

लिफ्ट बंद पडल्यापासून सासूबाई चौथ्या मजल्यावरून खाली उतरलेल्या नाहीत. दुरुस्ती टाळणारे अध्यक्ष घालवायचेच, म्हणून इमारतीने समितीत सहा नवी माणसं निवडून दिली. अध्यक्ष कसेबसे सातवे आले. नवा अध्यक्ष या सातांनीच ठरवायचा होता.

सहांपैकी एक आमचे हे. ते बैठकीहून धापा टाकत वर आले, तसा मी जप अर्धवट टाकला.

"कोण झालं हो अध्यक्ष?"

"जुनेच."

"अहो, तुम्ही सहा जण विरोधात होतात ना?"

"होतो ना! पण सहाही जणांनी स्वतःचंच नाव सुचवलं. कुणी मागे हटेना."

आतून सासूबाईंनी विचारलं, "मग त्या मेल्याला मतं दिली कुणी?"

 

"आम्हीच, आई. आमच्यातलं दुसरं कुणी होण्यापेक्षा तो परवडला."