शाईखालचा चेहरा

मुलांनो, कल्पना करा, तुम्ही रशियातल्या एका शाळेत आहात. आज विजयदिनाची मिरवणूक आहे. महायुद्धात लढलेल्या आपापल्या पणजोबांचा फोटो काठीला लावून प्रत्येकाला चालायचं आहे.

वार्या नावाच्या मुलीने आणलेल्या फोटोत सैनिकाचा गणवेश होता, पण चेहऱ्यावर शाई फासलेली होती. ते पाहून बाईंनी आधी वर्गाचं दार लावलं.

"हे कोणी केलं?"

"पणजीनं. पणजोबा युद्धावरून परत आले आणि आपल्याच पोलिसांनी त्यांना देशद्रोही ठरवून पकडून नेलं. मग घरात त्यांचा चेहरा दिसणंही धोक्याचं झालं."

"हळू बोल! घरी कोण शिकवतं तुला हे?" बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग कपाटातून एका हसऱ्या, पदकं लावलेल्या सैनिकाचा फोटो काढला. "हा घे. कुणाला काय कळतंय?"

"हे कोणाचे पणजोबा?"

"आजच्यापुरते तुझे."

वार्याने तो फोटो बाकावर ठेवला आणि आपलाच घेऊन ती रांगेत उभी राहिली. मागचा मुलगा खिदळला, "अगं, तुझ्या पणजोबांना तोंडच नाही!" बाई ओठांवर बोट ठेवून तिला खुणावत होत्या.

वार्या मागे वळली आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात तिने पणजोबांचं नाव सांगितलं.