तेवीस चकत्या

त्याने बटणांचा डबा मेहुण्याच्या टेबलावर उपडा केला. आत बटणं नव्हतीच. कागदाच्या गोल चकत्या होत्या, तेवीस, सगळ्या काळपट. प्रत्येकीच्या मागे पेन्सिलीने तारीख घातलेली.

मेहुणा विमानतळावरच्या इंधनाच्या टाक्यांचा प्रमुख होता. त्याने एक चकती उलटी करून पाहिली, उठला आणि दाराला आतून कडी लावली.

"ताईचं अक्षर," तो म्हणाला.

ताई, म्हणजे त्याची बायको, जाऊन तीन महिने झाले होते. डबा काल सापडला, शर्टाचं बटण तुटलं म्हणून.

अशा चकत्या त्याच्या रोजच्या कामातल्या. विमानांच्या इंजिन तपासणीच्या शेडमध्ये त्याची बावीस वर्षं गेली. चालत्या इंजिनाचा धूर पांढऱ्या कागदातून ओढायचा आणि डाग किती गडद पडला ते मोजायचं, एवढंच काम. नेहमीच्या इंधनाचा डाग काजळीसारखा पडायचा. गेल्या वर्षी वापरलेल्या खाद्यतेलापासून केलेलं नवं इंधन तपासायला आलं. त्याचा डाग फिक्या चहासारखा पडला. त्याचा विश्वास बसेना. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तेच. कंपनीने ती चकती काचेत बसवून मोठ्या दारापाशी लावली. खाली त्याचं नाव.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी मेहुणा घरी येऊन म्हणाला, "दाजी, आजपासून सगळी विमानं तुमच्या तेलावर."

घर धावपट्टीला लागून. बायकोला दम्याचा त्रास. खिडकी उघडायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्या संध्याकाळी खिडकी त्याने स्वतःच्या हाताने उघडली. तिला कोऱ्या चकत्यांचं पाकीट आणून दिलं. रोज एक पंख्याच्या जाळीला लाव म्हणाला, तुझी तूच खात्री करून घे.

"तुमच्या इंजिनापेक्षा माझी कढई जास्त धूर करते," ती म्हणाली. पण लावायला लागली. तो कामावरून आला की कपड्याच्या चिमट्यातून त्या दिवसाची चकती काढून दाखवायची. जवळजवळ पांढरी. "तुमचा आकडा बरोबर आहे हो." तो ती वहीत चिकटवायचा. रविवारी मात्र चकतीचं नाव काढायचं नाही. सुट्टीच्या दिवशी घरात कारखाना नको, असं ती म्हणायची. मग दोघं दिवसभर उघड्या खिडकीत बसून पत्ते खेळायची. ती लबाडी करायची. तो पकडायचा नाही.

"टाकीत नवं इंधन किती टाकता?" त्याने विचारलं.

मेहुणा टेबलावरच्या चकत्या एकावर एक रचायला लागला.

"किती?"

"शंभर लिटरला एक. बाकी जुनंच. वरून सांगितलं होतं, आत्ता जाहीर करा, पुढे वाढवू. वाढवलंच नाही."

त्याला वाटलं होतं आपण ओरडू. आवाज बारीकच निघाला. "तू सख्खा भाऊ तिचा. केसाने गळा कापलास. माझ्या शब्दावर ती खिडकी उघडी ठेवून बसली."

"ताईला माहीत होतं, दाजी."

त्याने हातातला रिकामा डबा खाली ठेवला.

"दुसऱ्याच दिवशी सांगितलं मी तिला. तिच्यापुढे खोटं कधी टिकलंय माझं? म्हटलं, खिडकी लावून घे. तुम्ही कामावर गेलात की ती लावायची. तुमची यायची वेळ झाली की उघडायची."

म्हणजे वहीतल्या पांढऱ्या चकत्या बंद खिडकीच्या. रोज संध्याकाळी ती त्याच्या तोंडावर खोटं बोलत होती, आणि तो डिंक लावून ते खोटं वहीत चिकटवत होता.

"तिनेही फसवलं मला," तो म्हणाला.

"मी सांगायला निघालो होतो. तिने शपथ घातली. म्हणाली, बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणी त्यांचं नाव भिंतीवर लावलंय. राहू दे."

बाहेर एक विमान उडालं. टेबलावरच्या चकत्या थरथरल्या.

"खिडकी लावून घ्यायची ना ती?" त्याने विचारलं. "मग या काळ्या कशा?"

मेहुण्याने चकत्यांची चळत त्याच्याकडे सरकवली.

त्याने वरची चकती उलटी केली. तारीख वाचली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात शोधली. मग दुसरी चकती. मग तिसरी. बोट ठेवून एकेक पाहत तो शेवटपर्यंत गेला.

तेवीसच्या तेवीस रविवार होते.