पुलाच्या अलीकडे

पुलावरून हटला नाहीत तर सगळ्यांना अटक होईल, असं पोलिसांनी भोंग्यावरून दुसऱ्यांदा बजावलं आणि चर्चच्या मंडळींची चुळबुळ सुरू झाली. बसमध्ये चालकाच्या जागेवर बसलेल्या आर्विडने ते पाहिलं आणि त्याला मनापासून बरं वाटलं. हे असंच होणार, हे त्याला ठाऊक होतं.

तो ह्याच युनिटेरियन चर्चमध्ये म्हातारा झालेला. इथे देव मानायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. हवामानबदलाविरुद्धच्या लढ्यावर मात्र सगळ्यांची अढळ श्रद्धा. इथल्या मूळ रहिवासी ओजिब्वे लोकांच्या नदीखालून तेलाची वाहिनी जाणार होती आणि ज्या तळ्यांत त्यांचा रानभात उगवतो ती तळी धोक्यात येणार होती. आपण त्यांच्या खांद्याला खांदा लावून अटक करवून घेऊ, असं पाद्रीबाई मेरिडिथ म्हणाली तेव्हा सभागृहभर हात वर झाले होते. आर्विडचा हात तेवढा खाली होता. कुणीतरी बस चालवायला हवी, तो म्हणाला होता.

आता तेच हात खिशांत जात होते. गॉर्डनचा गुडघा थंडीने धरला. सिल्व्हियाला मांजराच्या औषधाची वेळ आठवली. एक जोडपं फलक गुंडाळून मुकाट्याने आत येऊन बसलं. पायरी चढताना बाकी प्रत्येक जण आर्विडला काहीतरी सबब सांगत होता आणि दुकानदार उधारीवाल्याचं रडगाणं ऐकतो तशी तो मान डोलवत होता. शेवटी मेरिडिथही आली. अशा वेळी माणसांना आधार लागतो, म्हणाली.

पुलावर उरली ओर्लीन गुडस्काय आणि तिची ओजिब्वे माणसं. ओर्लीन सत्तरीची, बर्फातही नदीकाठी तंबू ठोकून राहणारी. दर शनिवारी चर्चची मंडळी काठावर गाणी म्हणायला लागली की ती बसपाशी यायची, आर्विडच्या हातची कडक कॉफी प्यायची. "तुझी मेंढरं आज सुरात आहेत रे," म्हणायची. दोघं पोट धरून हसायचे. अख्ख्या चर्चमध्ये तिच्या बाजूचे आपण एकटेच, असं तेव्हापासून आर्विडला वाटू लागलं होतं. का, तर ह्या चर्चवाल्यांचं पाणी आपण पुरतं जोखलेलं आहे.

त्याने बस वळवायला घेतली. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना बर्फाने भरलेल्या चाऱ्या. बस आडवी झाली आणि नेमका त्याच वेळी मागून नदीखाली भोक पाडायच्या यंत्राचा अवजड ट्रक आला. त्याला थांबावंच लागलं. बस आडवी असेपर्यंत तो पुलापर्यंत पोचणार नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायालयात काम थांबवण्यावर सुनावणी होती. तोवर यंत्र अलीकडेच राहावं, एवढ्यासाठीच तर पुलावरची माणसं थंडीत उभी होती.

ओर्लीनच्या ते ध्यानात आलं. तिने हाक मारली नाही, हातही केला नाही. ती नुसती आर्विडकडे बघत राहिली. किल्ली फिरवून काढायची आणि खिशात टाकायची, एवढंच काम होतं. मग बस ओढून न्यायला माणसं आणि यंत्रं येईपर्यंत रात्र उलटली असती.

एक तरुण पोलीस ट्रकच्या पुढे आला. बाजारात गाडी लावताना करतात तशी त्याने दोन बोटं हलवली: जरा मागे घ्या.

आर्विडने बस मागे घेतली. एका दमात घेतली, चाक कुठे घसरलं नाही की चारीत गेलं नाही. ट्रक हातभर अंतरावरून निघून गेला. पोलिसाने काचेवर टकटक केलं. "आभारी आहे, आजोबा. तुमच्यासारखी समजूतदार माणसं इथे फार कमी येतात."

आरशात त्याला दिसलं, ओर्लीनला दोघे पोलीस दंडाला धरून उचलून नेत होते.

परतीच्या वाटेवर सिल्व्हियाने लिंबाच्या वड्यांचा डबा फिरवला आणि मागच्या बाकावर कुणीतरी हळूच गाणं सुरू केलं. सवयीने आर्विड ओठ मुरडायला गेला, पण ते जमेना. डबा पुढे आला तेव्हा त्याने एक वडी घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो रिकामी बस घेऊन तुरुंगाच्या दारात उभा राहिला. काम सुरू झालेलं आहे, आता ते थांबवता येणार नाही, असं न्यायालयाने सकाळीच सांगून टाकलं होतं. एकेक करून पुलावरची सगळी माणसं बाहेर आली. त्याने बसचं दार उघडं ठेवलं होतं. कुणी चढलं नाही. ओर्लीनला न्यायला तिची भाची आली होती, तरी ती आधी त्याच्याकडे आली. मनगटांवर प्लास्टिकच्या बेड्यांचे वळ होते. चेहऱ्यावर राग म्हणावा तर तोही नव्हता.

"ते घाबरले," ती म्हणाली. "तुला काय झालं होतं?"

रात्रभर जागून आर्विडने कितीतरी उत्तरं जुळवली होती. तोंडातून निघालं ते भलतंच.

"बस चर्चची आहे."

ओर्लीनने सावकाश मान हलवली. मग ती भाचीकडे वळली.

"चल ग," ती म्हणाली. "ह्यांना बस नेऊन द्यायची असेल."